तरंगत्या घरट्यांचे तराफे: या चुका टाळा

पाणपक्ष्यांना घरटी करता यावीत म्हणून तळ्यात पाइप-बांबूचा तराफा मे महिन्यात सोडला जातो, तेव्हा तळ्याला पाणी सर्वांत कमी असतं. त्या खोलीला पुरेल एवढाच दोर नांगराला बांधायचा, ही चूक दर वर्षी बघायला मिळते. पवईसारखं तळं पावसाळ्यात भरून सांडव्यावरून वाहू लागतं आणि आखूड दोर तराफ्याचा कोपरा खाली खेचतो. काठावरून तराफा ठीक दिसतो. बुडालेल्या कोपऱ्यातली अंडी मात्र गेलेली असतात. काठच्या भिंतीवर मागच्या पावसाळ्याची रेघ असते, खोली तिथपासून धरा आणि दोर तिच्या दीडपट ठेवा. उन्हाळ्यात तो सैल पडून तराफा काठाला लागू नये म्हणून दोराच्या मध्यावर दोनेक किलोचा दगड बांधा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोन नांगर, प्रत्येकी 20 ते 25 किलोचे. दोर नायलॉनचाच, कारण तो बुडतो. स्वस्तातला प्लॅस्टिकचा दोर पाण्यावर तरंगतो आणि पक्ष्यांच्या पायांत अडकतो.

दुसरी चूक 'स्वच्छते'ची, आणि ती सगळ्यांत जास्त जिवाला लागते. ऑगस्टमध्ये कुणी उत्साहाने होडी काढतो. तराफ्यावर कुजक्या शेवाळ-पाल्याचा ओला ढीग दिसतो, पक्षी जवळ नसतो. हा कचरा समजून तो ढीग पाण्यात ढकलतो. तो टिबुकलीचा, म्हणजे डुबक्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याचा, संसार असतो! घरटं सोडताना टिबुकली अंड्यांवर ओला पाला ओढून ठेवते, त्यामुळे भरलेलं घरटं रिकाम्या ढिगासारखंच दिसतं. होडी अचानक जवळ आली तर तिला तेवढीही उसंत मिळत नाही, आणि तुमच्या मागे लागलेले कावळे उघडी अंडी बरोबर हेरतात. कमळपक्ष्याचं तर घरटं म्हणण्यासारखं काहीच नसतं: चार पानांवर चार चकचकीत तपकिरी अंडी, आणि ती उबवतो नर. म्हणून जून ते ऑक्टोबर तराफ्याला हात लावायचा नाही, दुर्बिणीतूनच बघायचं. डागडुजी मेअखेर संपवायची. ज्यांना एवढा धीर धरवत नाही त्यांनी काठावरचं प्लॅस्टिक उचलावं, तेही मोठं काम आहे.

वजनाचा अंदाज हमखास चुकतो. 110 मिमीचा बंद पाइप मीटरमागे साधारण साडेनऊ किलो पेलतो. म्हणजे 1.2 मीटर चौरस चौकटीला 45 किलो, आणि त्यातच पाइप, बांबू, ओला काथ्या. त्यावर घमेलंभर चिखल ओतू नका. पाइपांच्या टोकांना टोप्या चिकटवल्यावर पूर्ण दिवस वाळू द्या, मग सगळा भार चढवून तराफा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी एक बाजू खाली दिसली तर तिथला सांधा गळतोय.

थर्माकोल नको, उन्हाने त्याचे कण सुटतात आणि मासे-पक्षी ते गिळतात. मासेमारीची जुनी जाळी अंथरू नका, पिल्लांचे पाय गुंततात.

तराफा विसर्जन घाटापासून लांब ठेवा. गणपतीच्या दिवसांत तिथे अंडी असली तर तराफा हलवता येत नाही.

पवईत मगरी आहेत. दोर सोडवायला कंबरभर पाण्यात उतरू नका, लाइफ जॅकेट घालून होडीतूनच काम करा. महापालिका आणि वन विभागाची परवानगी आधी घ्या.

उताराकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत. पिल्लं लवकर पाण्यात उतरतात, पण वीतभर उंच कडेवर त्यांना परत चढता येत नाही. दोन बाजूंना काथ्याची चटई पाण्याखाली जाईल इतकी लांब सोडा, एक फूट उंचीला तीन फूट लांबी. दर मे महिन्यात चटईचं टोक हाताने चाचपून बघा: ते आधी कुजतं.