मवाळ रेझर सोडून जहाल घेताय? आधी या चुका टाळा

कापलेल्या गळ्यावर कागदाचे चार तुकडे चिकटवून मी नाशिकच्या सातपूरला पहिल्या पाळीला गेलो, त्या दिवसापासून टूलरूममध्ये माझं नाव ‘नोटीस बोर्ड’ पडलं. डिसेंबरातली सकाळ, निफाडकडून येणारा गार वारा, सातला पंचिंग, आणि हातात आदल्याच दिवशी कुरिअरने आलेला दातेरी, म्हणजे पात्याखाली कंगव्यासारखे दात असलेला, जहाल सेफ्टी रेझर. तीन वर्षं मवाळ रेझर वापरल्यावर मला वाटलं होतं, आपला हात बसलाय. हात बसलाच होता, पण चुकीचा बसला होता.

माइल्ड आणि अ‍ॅग्रेसिव्ह या शब्दांना आपल्याकडे गोखले-टिळकांच्या काळापासून मवाळ आणि जहाल हे शब्द तयार आहेत, तेच वापरतो. पण त्यांच्या जोडीला तिसरा शब्द लागतो, कार्यक्षम. कार्यक्षम रेझर म्हणजे कमी हातांत, म्हणजे चेहऱ्यावरच्या कमी फेऱ्यांत, जास्त खुंट काढणारा. जहाल म्हणजे कातडीला पातं जाणवून देणारा. दोन्ही गुण बऱ्याचदा एकाच रेझरात सापडतात, म्हणून लोक ते एकच धरून चालतात. आपल्याला हवा असतो कार्यक्षम आणि आपण मागवतो जहाल. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं.

रेझर बदलण्याआधी दोष कुठे आहे ते न बघणं

‘माझा रेझर खुंट सोडतो’ ही तक्रार अर्धवट आहे. कुठे सोडतो? सगळ्या चेहऱ्यावर सारखे खुंट राहत असतील तर रेझरवर किंवा पात्यावर संशय घ्या. फक्त जबड्याखाली आणि गळ्यावर राहत असतील तर रेझर निर्दोष असण्याची शक्यता मोठी. गळ्यावरचे केस बऱ्याच जणांचे आडवे किंवा खालून वर उगवतात. आपण सवयीने वरून खाली हात मारतो आणि त्याला ‘सुलटा’ म्हणतो. दोन दिवस दाढी करू नका. मग गळ्यावरून बोट चारही दिशांनी फिरवा. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं तो सुलटा. माझा डाव्या बाजूचा गळा कानाकडे वळलेला निघाला, आणि हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

दुसरा संशयित पाणी. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं आणि ते चांगलंच जड आहे. साबणाचा फेस चढतो, पण मिनिटभरात बसतो आणि गालावर पांढरी साय उरते. सुकलेल्या फेसावरून कुठलाही रेझर अडखळतच जाणार. एक मग फिल्टरचं पाणी कोमट करून त्यात ब्रश भिजवला, तेव्हा जुन्याच मवाळ रेझरची दाढी एकदम सुधारली. थंडीत तर दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने केस भिजवल्याशिवाय हात लावूच नये. त्या डिसेंबरात मी नेमकं हेच वगळलं होतं.

पात्याचं काय सांगायचं? पाच-सहा दाढ्या झालेलं पातं ठेवून रेझरला नावं ठेवणारे मी पाहिलेत. नवं घालून बघा, मग बोला.

गॅपच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास

जिलेटला १९०४ साली ज्या रेझरचं पेटंट मिळालं त्यातलं तत्त्व आजही तेच आहे: पातळ, लवचीक पातं वरची टोपी आणि खालची बेस प्लेट यांच्यात आवळून धरायचं, म्हणजे त्याला ताठपणा येतो. आज वापरात असलेलं दुधारी पातं साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. पात्याची धार आणि खालची सेफ्टी पट्टी यांच्यातलं अंतर म्हणजे गॅप. काही कंपन्या हा आकडा नावातच घालतात. रेझोरॉकच्या गेम चेंजरचे ०.६८ आणि ०.८४ हे प्रकार त्यातलेच. रॉकवेल सिक्स एससोबत १ ते ६ क्रमांकांच्या बाजू असलेल्या प्लेटी येतात, आकडा वाढेल तसा गॅप वाढतो.

आकडा दिसला की आमच्यासारख्या माणसांना राहवत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी फीलर गेज (फट मोजायच्या, ठरावीक जाडीच्या पातळ पानांचा जुडगा) काढला आणि माझा एक रेझर व शेजारच्या मशीनवरच्या मित्राचा रेझर दोन्ही मोजले. पान अलगद सरकवायचं, नाहीतर पातंच वाकतं आणि माप खोटं येतं. दोन्हींत ०.७ च्या आसपासचं पान जात होतं. दाढी मात्र दोन टोकांची: त्याचा लोण्यासारखा जायचा, माझा गालावर पिना टोचाव्यात तसा.

याचं कारण एक्स्पोजर. टोपीच्या कडेपासून पट्टीच्या कडेपर्यंत एक सरळ रेघ आहे असं समजा. धार त्या रेघेच्या आत असेल तर एक्स्पोजर उणे, रेघेवर असेल तर शून्य, बाहेर डोकावत असेल तर अधिक. गॅप सारखा असला तरी धार बाहेर डोकावणारा रेझर जास्त जाणवतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पकड. पातं धारेच्या किती जवळ आवळलंय? धारेपासून लांब पकडलं तर राठ केसांत ते थरथरतं. जॉबला लांबून पकडून टूल चालवलं की चॅटर मार्क, म्हणजे थरथरीच्या खुणा, येतात, तसंच. चांगला कार्यक्षम रेझर ओळखायची माझी खूण हीच: पातं घट्ट पकडलेलं, एक्स्पोजर शून्याच्या थोडं वर, गॅप मध्यम. हे आकडे सगळ्या कंपन्या देत नाहीत. पण टोपी, पातं आणि पट्टी यांचा बाजूने काढलेला मोठा फोटो मिळाला तर बरंच कळतं.

याच्याच पोटातली एक गैरसमजूत: दातेरी म्हणजे जहाल. दात असतात ते फेस आणि लांब केस पात्यापर्यंत पोचावेत म्हणून. म्युलेचा दातेरी आर४१ जहाल आहे आणि सरळ पट्टीचा आर८९ मवाळ, हे खरं. पण तेवढ्यावरून नियम काढू नका. मवाळ दातेरी रेझरही असतात आणि गाल सोलून काढणारे सरळ पट्टीवालेही.

हाताचा दाब

खरी गोम इथे आहे. मवाळ रेझर खुंट सोडतो, मग आपण नकळत दाबतो. दाबलं की गालाची कातडी गॅपमध्ये फुगते, पातं जवळ येतं, दाढी थोडी बरी होते. हाताला बक्षीस मिळतं आणि तो दर महिन्याला थोडं जास्त दाबायला शिकतो. तीन वर्षांनी तोच शिकलेला हात जहाल रेझर धरतो, तिथे कागदाचे चार तुकडे लागतात.

कापलेला गळा भरायला आठवडा गेला. मग पंचवटीतल्या नेहमीच्या सलूनमध्ये जाऊन बसलो. कारागिराने हनुवटी वर केली आणि थांबला.

“दादा, रेझर मारलाय का रंधा?”

“नवीन घेतलाय रे.”

“मग त्याला काम करू द्या ना. तुम्ही कशाला जोर लावता?”

त्याच्या हातात होता तो वस्तरा, आणि त्यात आपल्याच दुधारी पात्याचा कागदासकट मोडलेला अर्धा तुकडा. ना पट्टी, ना गॅप, ना टोपी. जहालपणात याच्या पुढे काही नाही, आणि तरीही गळ्यावर ओरखडा नाही. बाहेर पडून रामकुंडावर गेलो. तिथे नाभिक बांधव दिवसभर डोकी भादरत असतात. उजवा हात बघण्यात अर्थ नाही, डावा बघा. वस्तरा जायच्या आधी डाव्या हाताने कातडी ताणलेली असते, आणि उजवा हात छोटे छोटे, हलके फटके मारत जातो. लांब ओढ कुठेच नाही.

घरी तालीम अशी करा: रेझर दांड्याच्या शेवटच्या टोकाला, तीन बोटांत धरा. जोर लावायची सोयच राहत नाही. एक ओढ फार तर दोन सेंटिमीटर. पहिला प्रयोग रविवारी, पाळीच्या दिवशी नाही. आणि पहिले दोन-तीन आठवडे उलटा हात मारायचाच नाही. पहिला सुलटा, दुसरा आडवा, संपलं.

कोन जुनाच ठेवणं

पात्याचा कातडीशी कोन साधारण ३० अंशांचा असावा, पण दांडा किती उचलायचा हे प्रत्येक रेझरच्या टोपीवर ठरतं. नवा रेझर आला की दांडा गालाला काटकोनात धरून टोपी टेकवा आणि दांडा हळूहळू खाली आणा. जिथे पातं केस धरू लागतं, ‘कर्रर’ असा आवाज येतो, तिथे थांबा. आवाज बंद झाला आणि खरवडल्यासारखं वाटलं तर दांडा जास्त खाली गेलाय.

सगळं एकदम बदलणं

नवा रेझर, नवं फेदरचं पातं, नवा साबण, सगळं एकाच सकाळी. मग आग झाली तर कोणाला धरणार? फेदरचं पातं धारदार म्हणून नावाजलेलं आहे, पण जहाल रेझरच्या पहिल्या दिवशी त्याचं काम नाही. ओळखीचं पातं ठेवा आणि दोन आठवडे फक्त रेझर बदला.

उडीही लहान घ्या. गिअर एकेक करून टाकावेत तसं, प्लेटी बदलता येणारा किंवा मर्कुर प्रोग्रेससारखा फिरवून गॅप बदलणारा रेझर हा मधला रस्ता. मर्कुर ३७सी हा स्लँट. त्यात पातं पिळलेलं आणि तिरकं बसतं, त्यामुळे ते केसाला सरळ न भिडता विळीवर भाजी चिरावी तसं कापत जातं. राठ दाढीला मला तो भावला. कातडी नाजूक आणि केस राठ, अशी अडचण असणाऱ्याने जहालाआधी स्लँट वापरून बघावा.

खिशाला चाट न लावता चाचणी घ्यायची असेल तर शिम घाला. वापरलेल्या पात्याच्या दोन्ही धारा हातमोजे घालून मजबूत कात्रीने लांबीत कापून टाका. उरलेली पट्टी नव्या पात्याखाली, बेस प्लेटच्या बाजूने ठेवा. गॅप साधारण एका पात्याच्या जाडीने वाढतो. एवढ्यावरच समाधान झालं तर नवा रेझर कशाला?

पातं वाकडं बसवणं

एका बाजूने छान दाढी आणि दुसऱ्या बाजूने आग, असं होत असेल तर पातं तिरपं बसलंय. मवाळ रेझरमध्ये हे खपून जातं, जहालात नाही. आवळताना पात्याची आखूड, बिनधारेची टोकं बोटांत धरा आणि उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंना धार सारखी दिसते का बघा. पान्याने आवळल्यासारखं करू नका. बरेच रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, त्यांचा आटा तुटला की टोपी गेली.

दाढीनंतर ओल्या गालावर तुरटी फिरवा. ती जिथे झोंबते तिथे तुम्ही दाबलंय किंवा एकाच जागी चौथ्यांदा गेलाय. सगळीकडे झोंबली तर कोन चुकलाय, फक्त गळ्याला झोंबली तर दिशा. हनुवटीच्या वळणावर बारीक कापत असेल तर ओढ लांब होतेय. दोन दिवसांनी गळ्यावर पुटकुळ्या आणि आत वळलेले केस दिसले तर उलटा हात बंद. त्या जागी थोडी खरखर राहिली तर राहू द्या, संध्याकाळपर्यंत तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही.

शिमसाठी कापलेल्या धारा आणि जुनी पाती कचऱ्यात मोकळी टाकू नका. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात साठवा, भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, आणि घंटागाडीवाल्याच्या हातात देताना आत काय आहे ते तोंडाने सांगा.