पायलट मुलाखतीत मी स्वतःलाच ऐकलं

प्रबंधासाठी मुलाखतीचे प्रश्न लिहून झाले की कधी एकदा शिक्षकांसमोर जाऊन बसतो असं होतं. माझंही तसंच झालं. हातात 18 प्रश्न आणि शिक्षिकेकडे मागितलेला वेळ 45 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला अडीच मिनिटं. हे शाळकरी गणित मला पायलट मुलाखतीत, म्हणजे मुख्य अभ्यासाआधी प्रश्न तपासून पाहण्याच्या सराव मुलाखतीत, बसेपर्यंत सुचलं नव्हतं. वेळ संपली तेव्हा आम्ही सातव्या प्रश्नावर होतो.

खरा धडा मात्र रेकॉर्डिंग ऐकताना मिळाला. पायलट मुलाखतीचं शब्दांकन स्वतः करा, कंटाळा आला तरी. तासाभराच्या बोलण्याला चार-सहा तास सहज जातात, पण आपण कुठे माती खाल्ली ते तिथेच कळतं. मी दर उत्तराला ‘छान, छान’ म्हणत होते. ते फक्त सवयीचं, पण समोरच्याला त्यातून कळतं की मला कुठलं उत्तर आवडतंय. शिवाय त्या शिक्षिका विचार करायला थांबल्या की मी लगेच पुढचा प्रश्न टाकत होते. आता मनात पाच आकडे मोजते. तेवढ्या शांततेत लोक बरंच काही सांगून जातात.

एक प्रश्न तर माझा लाडका होता: ‘गृहपाठ न करणाऱ्या विद्यार्थ्यांबाबत तुम्ही कोणती अध्यापन धोरणं अवलंबता?’ उत्तर आलं ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतलं. अगदी शुद्ध आणि माझ्या काहीही कामाचं नाही. दुसऱ्या पायलटला तोच प्रश्न बदलून विचारला: ‘गृहपाठ न आणलेलं मूल वर्गात शेवटचं कधी होतं? त्या दिवशी काय झालं?’ सर हसले, मग एका मुलाबद्दल दहा मिनिटं बोलले. ‘धोरण’ हा माझ्या प्रबंधातला शब्द होता, त्यांच्या दिवसातला नव्हता.

प्रश्नांचा क्रमही असाच उलगडला. मुख्याध्यापकांच्या पाठिंब्याविषयीचा प्रश्न मी तिसराच ठेवला होता. तो विचारताच बाईंनी दाराकडे पाहिलं. हे शब्दांकनात येत नाही, म्हणून मुलाखत संपल्यावर लगेच टिपणं लिहायची. तो प्रश्न मग शेवटाकडे गेला आणि मुलाखतीची जागाही बदलली.

संशोधक मिलाग्रोस कास्टिलो-मोन्टोया यांनी 2016 मध्ये मुलाखतीचे प्रश्न घडवण्याची चार टप्प्यांची चौकट मांडली. पायलट त्यात चौथा, म्हणजे शेवटचा. पहिला टप्पा मुलाखतीचे प्रश्न संशोधन प्रश्नांशी, म्हणजे प्रबंधाला ज्यांची उत्तरं शोधायची त्या मूळ प्रश्नांशी, जुळतात का ते पाहण्याचा. मी थेट चौथ्यावर उडी मारली होती. मागे जाऊन तक्ता आखला: आडव्या ओळींत मुलाखतीचे प्रश्न, उभ्या रकान्यांत संशोधन प्रश्न. पाच प्रश्नांसमोर एकही खूण पडली नाही. ते नुसते माझ्या कुतूहलाचे होते. काढून टाकले, जड मनाने.

पायलट कोणावर करायचं? मैत्रिणीवर केलं तर वाक्यं जिभेवर बसतात, एवढाच फायदा. ती तुम्हाला सांभाळून घेते. मुख्य अभ्यासातल्या लोकांसारखे, पण त्यासाठी निवडलेल्यांत नसलेले दोन-तीन जण गाठा. संमतिपत्र त्यांच्याकडूनही घ्यायचं. शेवटी पाच-दहा मिनिटं राखून विचारा: कुठला प्रश्न कळला नाही, कुठला नकोसा वाटला? प्रश्नांमध्ये मोठा बदल झाला तर नैतिकता समितीला कळवावं लागतं का, हे मार्गदर्शकांना आधीच विचारून ठेवा. प्रश्नयादीची प्रत्येक आवृत्ती तारीख आणि बदलाच्या कारणासह एका वहीत जपा. पद्धतीचं प्रकरण लिहिताना हीच वही समोर लागते.

आणि रेकॉर्डर बंद करायची घाई नको. पहिल्या पायलटला मी तो बंद करून पिशवीत टाकला, तेव्हा बाई म्हणाल्या, “गृहपाठ पालक करून देतात, ते नाही विचारलंत?” आता माझ्या यादीतला शेवटचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मी विचारायला हवं होतं, असं काही राहिलं का?’