आर्केड मशीनसाठी मेन्यू सॉफ्टवेअर कसं पारखावं

मेन्यू सॉफ्टवेअर, म्हणजे फ्रंट-एंड, निवडताना बहुतेक जण आधी त्याचे व्हिडिओ बघतात. फिरणारी चकती, झगमगते लोगो, मागे गेमचा डेमो. माझं ऐकाल तर ते सगळ्यात शेवटी बघा. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी एक जॉयस्टिक आणि काही बटणं असतात. कीबोर्ड नसतो, माउस नसतो आणि सांगायला शेजारी तुम्हीही नसता. त्याला हवा तो गेम सापडला, सुरू झाला आणि संपल्यावर तो परत यादीवर आला, तर सॉफ्टवेअर चांगलं. आमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या मशीनसाठी मी ज्या क्रमाने पारख केली, त्याच क्रमाने सांगते.

सुरुवात मेन्यूशिवाय करा. मेम हा एमुलेटर, म्हणजे जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम, वेगळा आणि मेन्यू वेगळा. मेन्यू फक्त नाव पुढे करतो आणि बाजूला होतो. म्हणून आधी टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, मेमला गेमचं छोटं नाव देऊन तो चालतो का बघा. इथे चालला नाही तर कुठल्याच मेन्यूतून चालणार नाही. बऱ्याचदा रॉमची, म्हणजे गेमच्या फाइलची, आवृत्ती आणि एमुलेटरची आवृत्ती जुळत नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणाऱ्या रेट्रोपाय या तयार संचात मिळणारं मेम २००३ हे मेमच्या ०.७८ आवृत्तीवर बेतलेलं आहे, त्याला त्याच काळातले रॉम लागतात. रॉम नसतील तर मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर ग्रिडली आणि रॉबी रोटो हे गेम मालकांच्या परवानगीने, व्यवसायासाठी न वापरण्याच्या अटीवर, मोफत ठेवलेले आहेत. या पहिल्या चाचणीसाठी तेवढे पुरतात.

मग चार-पाच गेमची छोटी यादी करा, पण प्रत्येक गेम वेगळ्या कारणासाठी घ्या. माझ्या यादीत पॅकमॅन होता, कारण त्याचा पडदा उभा आहे, २२४ बाय २८८, आणि त्याला चारच दिशांची जॉयस्टिक लागते. स्ट्रीट फायटर टू होता, कारण त्याला सहा बटणं लागतात. किलर इन्स्टिंक्ट होता, कारण त्याला रॉमच्या झिप फाइलसोबत वेगळ्या फोल्डरमधली हार्ड डिस्कची मोठी फाइल लागते, आणि काही मेन्यू ते फोल्डर म्हणजे आणखी एक गेम समजून यादीत दाखवतात. आणि मुस्तफा होता. कॅपकॉमचा १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. आपल्याकडच्या पार्लरमध्ये त्याला या मूळ नावाने कुणी हाक मारली नाही.

मुस्तफामुळे एक महत्त्वाची गोष्ट तपासता येते. मेमच्या दृष्टीने त्या फाइलचं नाव ‘डिनो’. ज्या मेन्यूला मेमची स्वतःची माहिती वाचता येते, तो पूर्ण नाव, साल, कंपनी, खेळाडूंची संख्या आणि पडद्याची दिशा आपोआप भरतो. अट्रॅक्ट-मोड हा मेन्यू हे नीट करतो. ज्याला येत नाही तिथे ‘डिनो’ एवढंच दिसतं आणि बाकी सगळं इंटरनेटवरून ओढावं लागतं. पण आमच्या हॉलमध्ये येणारा चाळिशीतला माणूस ‘एम’पाशी मुस्तफा शोधतो. तेव्हा नाव स्वतः बदलता येतं का, आणि पुढच्या वेळी यादी नव्याने बनवल्यावर ते टिकतं का, हे बघाच. अट्रॅक्ट-मोडची यादी साधी मजकुराची फाइल आहे, एमुलेशनस्टेशन या दुसऱ्या मेन्यूची गेमलिस्ट एक्सएमएल या मजकुराच्याच स्वरूपात. दोन्ही नोटपॅडमध्ये उघडतात आणि पेन ड्राइव्हवर प्रत काढून ठेवता येते. आपली यादी आपल्याला उघडता येत नसेल, तर मी ते सॉफ्टवेअर घेत नाही.

नावं देवनागरीत हवी असतील तर ‘स्ट्रीट फायटर’ आणि ‘किलर’ लिहून बघा. मूळ एमुलेशनस्टेशन आणि अट्रॅक्ट-मोड जोडाक्षरं जुळवत नाहीत. योग्य फॉन्ट घातला तरी पाय मोडलेला स दिसतो आणि ‘कि’ची वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन पडते. पेगॅसस हा मेन्यू क्यूटी या प्रोग्रामिंगच्या संचावर बांधलेला असल्यामुळे तिथे अक्षरं नीट उमटतात. लहान मुलांसाठी मराठी यादी करायची असेल तर तेवढ्यासाठी पेगॅसस घ्यायला माझी ना नाही.

आता बाहेर पडण्याची चाचणी. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. मेममध्ये एस्केपने गेम बंद होतो, आणि बऱ्याच मेन्यूंमध्ये एस्केपनेच मेन्यूही बंद होतो. मशीनवर एस्केपला जोडलेलं बटण मुलं घाईत दोनदा दाबतात. मग समोर विंडोजचा डेस्कटॉप येतो आणि खेळ थांबतो. म्हणून गेम चालू असताना ते बटण पटापट दोनदा दाबा. मेन्यू टिकला तर उत्तम. नाही तर बाहेर पडण्याआधी विचारण्याची सोय त्यात आहे का बघा. मेममध्येही तशी सेटिंग आहे. हे दहा वेगवेगळ्या गेममधून करा, एकाच गेमवर विसंबू नका. परत आल्यावर यादी त्याच गेमवर उभी आहे की पुन्हा ‘ए’पासून सुरू झाली, तेही पाहा. मोठ्या यादीत हा फरक फार जाणवतो.

लाईट जाण्याची चाचणी परदेशातल्या मार्गदर्शकांत सहसा नसते, आपल्याला ती हवीच. मशीन मेमरी कार्डवरून चालत असेल तर त्याची प्रत आधी काढा. मग एखादा गेम आवडत्यांत घाला आणि सरळ स्विच बंद करा. काही मेन्यू अशा नोंदी बंद होतानाच फाइलमध्ये लिहितात, त्यामुळे त्या गायब होतात. रेट्रोपायच्या एमुलेशनस्टेशनमध्ये लगेच लिहिण्याचा पर्याय आहे. तो चालू करा.

दिसणं, संगीत, पार्श्वभूमीचे व्हिडिओ यांची पाळी आता. तुमच्याच यंत्रावर, पूर्ण यादी भरून, जॉयस्टिक दाबून धरा. यादी अडखळली तर व्हिडिओ बंद करून पुन्हा बघा. लाँचबॉक्स हा मेन्यू विंडोजवर उत्तम आहे, पण मशीनसाठी लागणारा त्याचा बिग बॉक्स हा भाग विकत घ्यावा लागतो. जुळवाजुळव नकोच असेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारी बाटोसेरा ही तयार प्रणाली घ्या. उभा पडदा असेल किंवा यादी बारकाईने गाळायची असेल, एकाच गेमच्या नक्कल आवृत्त्या आणि माहजाँगचे गेम काढून टाकायचे असतील, तर अट्रॅक्ट-मोड. आमच्या हॉलमध्ये तोच बसवला आहे.

शेवटी घरातल्या कुणाला तरी, शक्यतो या छंदाशी संबंध नसलेल्याला, मशीनसमोर उभं करा. फक्त एका गेमचं नाव सांगा आणि मागे उभं राहून हात कुठे अडखळतो ते लिहून घ्या. मी सासूबाईंना पॅकमॅन लावायला सांगितलं होतं. त्यांनी सुरू करण्यासाठी नाणं टाकण्याचं बटण दाबलं. तेव्हापासून आमच्या मेन्यूत नाण्याचं बटण आणि स्टार्ट, दोन्हींनी गेम उघडतो.