मोठ्या सेडानचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलताना या चुका टाळा

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी मागे टाकत चोर्ला घाट उतरून केरीला पोहोचलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, तर तो लगेच मागे घ्यावा लागतो. दीड टनाची सेडान, आत पाच माणसे आणि भरलेली डिकी एवढा भार खाली आणताना आपण जो वेग मोडतो, त्याची बरीचशी उष्णता पुढच्या दोन डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी थाळ्या) आणि त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे चार पॅड यांनाच पचवावी लागते. म्हणूनच ब्रेकचे सामान निवडताना झालेली चूक टिळकवाडी ते खडेबाजार फिरताना लक्षात येत नाही. ती घाटात कळते, किंवा ऊस हंगामात निपाणी-संकेश्वर पट्ट्यात मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात अचानक समोर आली की कळते. माझ्या स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवर जे पाहिले, त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की यातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: गाडीवर प्रत्यक्ष काय बसले आहे हे मोजण्याआधीच आपण खरेदी करून मोकळे होतो.

गाडीचे नाव आणि वर्ष सांगून सामान घेणे

माझी सेडान पुण्याहून घेतलेली जुनी गाडी आहे. पहिल्यांदा डिस्क बदलायची वेळ आली, तेव्हा मी दुकानात गाडीचे नाव आणि वर्ष तेवढे सांगितले आणि खोके घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मेस्त्रींनी चाक काढून नवी डिस्क जुनीवर ठेवली, तेव्हा ती चोहोबाजूंनी बोटभर लहान निघाली. बोल्टची भोके जुळत होती, त्यामुळे ती हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, बसलीही असती. पण पॅडची वरची कड डिस्कच्या बाहेर अधांतरी राहिली असती. मेस्त्रींनी आधी दोन्ही डिस्क एकमेकींवर ठेवून पाहिल्या नसत्या, तर मला हे कधी कळलेही नसते.

मोठ्या सेडानच्या बाबतीत असे वारंवार घडते, कारण एकाच नावाच्या गाडीत इंजिनाप्रमाणे ब्रेक बदलतात. स्कोडा ऑक्टाव्हियाच्या एकाच पिढीत पुढची डिस्क कुठे २८८ मि.मी. व्यासाची, तर कुठे ३१२ मि.मी. व्यासाची सापडते. त्यामुळे दुकानदाराला आर.सी.वरचा १७ अक्षरी चासी नंबर द्यावा आणि त्यावरून पार्ट नंबर काढून घ्यावा. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या गाड्यांत स्टेपनीच्या खळग्यात एक कागदी स्टिकर चिकटवलेला असतो. त्यावरच्या तीन अक्षरी संकेतांत ब्रेकचा प्रकारही नोंदलेला असतो. पण जुनी गाडी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने काय बदलले आहे हे चासी नंबरही सांगू शकत नाही. अशा वेळी जुन्या डिस्कचा व्यास, तिची जाडी, मधल्या टोपीसारख्या भागाची उंची, मधल्या भोकाचे माप आणि बोल्टची भोके एवढे सगळे मोजून कागदावर लिहून नेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

डिस्क न मोजता लेथवर देणे

आपल्याकडे उद्यमबागेत आणि मच्छेत लेथ इतक्या सहज उपलब्ध आहेत की, डिस्कवर चरे दिसले की ती लेथवर साफ करून घेण्याचा सल्ला कोणीही देतो. सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही, मात्र त्याआधी एक माप घेतलेच पाहिजे. डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर किमान जाडी कोरलेली असते. माझ्या गाडीची नवी डिस्क २५ मि.मी. जाडीची असून तिची किमान मर्यादा २२ मि.मी. आहे. लेथवर दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काढले आणि जाडी या मर्यादेपर्यंत आली, तर ती डिस्क त्याच दिवशी टाकण्याजोगी झालेली असते, कारण पातळ डिस्क लवकर तापते आणि तिला तडे जाण्याचा धोका वाढतो.

हे माप घेतानाही एक फसगत होते. पॅड जिथपर्यंत पोहोचत नाही, तिथे डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उभा राहतो. साध्या व्हर्निअरचे जबडे त्या काठावर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दिसते. मायक्रोमीटर हाताशी नसेल, तर एक रुपयाची दोन सारखी नाणी घ्यावीत, काठाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक नाणे डिस्कवर धरावे, त्या नाण्यांवर व्हर्निअर लावावे आणि आलेल्या मापातून दोन नाण्यांची मिळून जाडी वजा करावी. डिस्कवर आठ ठिकाणी असे माप घेतल्यास ती किती झिजली आहे याचा चांगला अंदाज येतो.

पॅडचे अस्तर ३ मि.मी.वर आले की पॅड बदलावेत, आणि ते नेहमी एका धुरेच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एकाच चाकाचे बदलल्यास ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढू शकते.

स्वस्त डिस्कचे ओतकाम न पाहणे

बेळगावच्या वाचकाला हा मुद्दा समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण आपल्यापैकी कितीतरी घरांतले कोणी ना कोणी फाउंड्रीत काम केलेले आहे. ब्रेकची डिस्क म्हणजे ग्रे आयर्नचे (करड्या ओतीव लोखंडाचे) कास्टिंग होय. पुढच्या डिस्कला दोन पाट्या असून मध्ये हवा खेळण्यासाठी पंखांची पोकळी असते आणि ती पोकळी साच्यात वाळूचा कोअर (पोकळीच्या आकाराचा ठोकळा) घालून तयार होते. ओतताना कोअर जरासा सरकला, तर एक पाटी जाड आणि दुसरी पातळ होते. वरून मशिनिंग उत्तम झालेले असल्यामुळे डिस्कची एकूण जाडी बरोबर भरते, परंतु घाटात पातळ पाटी आधी तापते आणि डिस्क बशीसारखी वाकू पाहते. म्हणून खरेदी करतानाच डिस्क उभी धरून कडेने पाहावे आणि दोन्ही पाट्या चारही बाजूंनी मोजाव्यात. पंखांमध्ये चिकटून राहिलेली वाळू किंवा पृष्ठभागावरची बारीक छिद्रे दिसली, तर ती डिस्क परत करावी.

भोके पाडलेल्या आकर्षक डिस्कच्या मोहात रोजच्या वापराच्या गाडीसाठी पडू नये, असे मला वाटते. भोकांच्या कडेपासून तडे सुरू होतात आणि खानापूर भागातला पावसाळी तांबडा चिखल त्यांत भरून बसतो.

पॅडचा प्रकार नावावरून ठरवणे

सिरॅमिक म्हणजे सर्वांत उत्तम, हा समज बाजारात पक्का झाला आहे. सिरॅमिक पॅड आवाज कमी करतात आणि अलॉय व्हीलवर काळी धूळ कमी बसवतात, हे खरे आहे. तरीही सेमी-मेटॅलिक पॅड अनेकदा अधिक उष्णता सोसतात, आणि नेमके हेच घाट उतरणाऱ्या जड गाडीला हवे असते. पॅडच्या कडेवर छापलेल्या संकेताच्या शेवटी बहुधा दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर कमी तापमानातील घर्षणांक दाखवते आणि दुसरे पॅड तापल्यावरचा. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल, तर तापल्यावर त्या पॅडची पकड उतरते. या अक्षरांवरून पॅडचे आयुष्य किंवा दर्जा ठरत नाही, परंतु मूळ पॅडपेक्षा खालचे अक्षर मोठ्या गाडीवर बसवू नये.

बसवतानाच्या चुका आणि नंतरच्या तक्रारी

ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरू लागले की ‘डिस्क वाकली’ असे म्हणून नवी डिस्क आणली जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर पुन्हा सुरू होते. आपल्याकडच्या पावसात हबवर गंज चढतो. तो वायर ब्रशने पूर्ण साफ न करता डिस्क बसवली, तर ती किंचित तिरकी बसते आणि फिरताना दर फेऱ्याला एकाच ठिकाणी पॅडला घासत राहते. तेवढा भाग झिजून डिस्कची जाडी एक-दोन शतांश मि.मी.ने असमान झाली, तरी थरथर जाणवते. डिस्क बसवल्यावर डायल गेज (फिरत्या डिस्कची डगमग काट्यावर दाखवणारे मापक) लावून पाहण्याचा आग्रह धरावा; काटा ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त हलत असेल, तर हब पुन्हा साफ करावा. चाकाचे बोल्ट एअर गनने अंदाजाने आवळू देऊ नयेत. ते टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आणि आडव्या-उभ्या क्रमाने आवळावेत.

एका बाजूचा आतला पॅड संपला आणि बाहेरचा जवळजवळ नवाच राहिला, तर दोष पॅडचा नसून बहुधा अडकलेल्या स्लायडर पिनचा, म्हणजे पॅड धरणारा कॅलिपर ज्यावर सरकतो त्या पिनचा असतो. पिनला ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. मागच्या चाकांना इलेक्ट्रिक हँडब्रेक असल्यास स्कॅनरने तो सर्व्हिस मोडमध्ये नेल्याशिवाय पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) मागे ढकलू नये. जोर लावल्यास मोटर निकामी होऊ शकते. पिस्टन मागे जाताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, तेव्हा ते सांडून रंगावर पडणार नाही याची काळजी घ्यावी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेत असल्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलणे आवश्यक आहे: नव्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते.

ब्रेक न दाबताही सतत पत्रा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर बहुधा डिस्कमागचा पातळ पत्रा वाकलेला असतो किंवा त्यात खडा अडकलेला असतो. पावसात दोन-तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर चढलेला तांबूस गंज मात्र चार-सहा ब्रेकमध्ये निघून जातो, त्यासाठी काहीही बदलण्याची गरज नसते.

काम झाल्यावर गाडी जागची हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहावे, कारण मागे ढकललेला पिस्टन पॅडपर्यंत पोहोचेपर्यंत पहिले एक-दोन ब्रेक पोकळ जातात. मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसावेत म्हणून पहाटेच्या मोकळ्या वेळी हिंडलग्याच्या पुढे वेंगुर्ला रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी ६० कि.मी.वरून २० कि.मी.पर्यंत मध्यम जोराने दहा-बारा वेळा वेग उतरवावा. प्रत्येक वेळी मध्ये गाडी थोडी चालवून डिस्क थंड होऊ द्यावी आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नये. साधारण १०० कि.मी. झाल्यावर चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत आणि चोर्ला किंवा आंबोलीचा पहिला प्रवास त्यानंतरच ठरवावा.