उजनीचं पाणी हिरवं झालं की: उन्हाळ्यातली पाणीतपासणी

चैत्र सरता सरता भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा (मागं पसरलेलं पाणी) मागे हटतो, गाळपेरीची (पाणी हटल्यावर पेरायची) रानं उघडी पडतात आणि इंदापूर-करमाळ्याच्या मोटरी पाण्यामागं सरकवत न्याव्या लागतात. धरणाची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याखालचं तळचं पाणी. त्यामुळं धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं तरी उपसा चालूच राहतो. मात्र ते पाणी कसलं, हे याच दिवसांत बघायला हवं. पुणे-पिंपरी चिंचवडचं सांडपाणी पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठेतून भीमेत येतं. पावसाळ्यात ते पातळ होतं. एप्रिल-मेमध्ये मात्र वरून ताजं पाणी नावालाच येतं, साठलेलं तापतं आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं.

प्रदूषण नियंत्रण मंडळ भीमेवर ठरलेल्या ठिकाणी नमुने घेतं, आकडेही जाहीर करतं. ते जरूर बघा. पण पुलाखालचा आकडा तुमच्या मोटरीचा नव्हे. अंतराचा फरक तर आहेच, वेळेचाही आहे. हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि कार्बन डायऑक्साइड खातं, म्हणून दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि सामू (पीएच) साडेआठ-नऊपर्यंत चढतो. रात्री उलटं. चिलापी मासळी पहाटे काठाला तोंड वर काढून धापा टाकते ती याचमुळं. म्हणजे त्याच जागेवर दुपारी पाणी धडधाकट आणि पहाटे मरायला टेकलेलं. तेव्हा लाइट ज्या वेळी येते आणि पाणी ज्या वेळी रानात जातं, त्या वेळचाच नमुना घ्या. लाइट रात्रीची असेल तर रात्री.

मोटर 15-20 मिनिटं चालू द्या. लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका. कीटकनाशकाची किंवा कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही, कितीही धुतली तरी. वर गट नंबर, तारीख, वेळ लिहा आणि शक्यतो त्याच दिवशी मोहोळ किंवा बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात, नाहीतर जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. खिशातला टीडीएस मीटर रोजच्या नोंदीला ठीक आहे (साधारण 640 पीपीएम म्हणजे ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, 1 डेसिसायमन प्रति मीटर), पण तो फक्त क्षार मोजतो. सांडपाणी, जंतू, जड धातू त्याला कळत नाहीत.

अहवालात आधी ईसी बघा. 0.75 च्या आत निर्धास्त. त्यापुढं काळ्या भारी रानात निचऱ्याची सोय हवी, 2.25 च्या वर ते पाणी नकोच. मग आरएससी (उरलेलं सोडियम कार्बोनेट, मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये): 1.25 पर्यंत चांगलं, 2.5 च्या वर रान चोपण (घट्ट, निचरा न होणारं) व्हायला लागतं, तिथं जिप्सम प्रयोगशाळेच्या शिफारशीनुसारच.

नायट्रेट मात्र आवर्जून तपासून घ्या, ते सहसा कुणी मागतच नाही. पाण्यात लिटरला 10 मिलिग्रॅम नत्र असेल, तर एकरी चार लाख लिटर दिल्यावर चार किलो नत्र फुकट रानात जातं. उसाला सुरुवातीला चालेल. पण खरड छाटणीनंतरच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरच्या) द्राक्षबागेत नेमकी घडनिर्मिती चालू असताना हे नत्र शेंडे पळवतं आणि ऑक्टोबर छाटणीला घड शोधत फिरावं लागतं. खताच्या डोसातून तेवढं नत्र वजा करा. फवारणीच्या टाकीतला सामूही तपासा. आठच्या वर काही कीटकनाशकं टाकीतच निकामी होतात. सायट्रिक आम्लानं तो सहाच्या आसपास आणता येतो, मात्र बोर्डो आणि इतर ताम्रयुक्त औषधांत आम्ल घालू नका.

फूटव्हॉल्व्ह (मोटरीच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड) तळाच्या काळ्या गाळात किंवा वरच्या हिरव्या सायीत नको. रिकामा ड्रम बांधून तो पाण्याखाली अर्धा ते एक मीटर लोंबता ठेवा. शेवाळाच्या दिवसांत ड्रिपची वाळूची गाळणी रोज उलट धुवा, लॅटरलची (ड्रिपच्या बारीक नळ्यांची) टोकं आठवड्यातून एकदा सोडा. टोकाला पाणी हिरवट, बुळबुळीत आलं तर क्लोरीन द्या. ब्लीचिंग पावडर वापरायची तर भिजवून फक्त वरची निवळी घ्या. आम्लाची आणि क्लोरीनची प्रक्रिया एकाच दिवशी नको. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो.

हिरवी साय साचलेल्या ठिकाणी जनावरं पाण्यावर नेऊ नका. मेथी-कोथिंबिरीवर हे पाणी तुषारनं उडवू नका, ती कच्ची खाल्ली जाते. मोटर सरकवायला पाण्यात उतरताना गमबूट घाला.

मृगाच्या पहिल्या लोंढ्याला मोटर बंद ठेवा. नद्या-नाल्यांत वर्षभर साचलेलं सगळं त्या पाण्याबरोबर येतं आणि शेततळं त्यानं भरलं तर हंगामभर तेच ड्रिपला जाईल. पाणी आधी गढूळ, मग निवळतं. निवळल्यावर दुसरी बाटली भरा आणि दोन्ही अहवाल स्टार्टरच्या पेटीशेजारी खिळ्याला अडकवा.