गळ्यातला बॅकअप रेग्युलेटर बांधताना या चुका टाळा

शनिवारी पहाटे कोल्हापुरातनं गाडी काढायची, फोंडा घाट उतरून मालवण गाठायचं, स्कूबा डाइव्हिंगला इन्स्ट्रक्टरनं मागनं सिलेंडर धरून चार मासे दाखवले की सोमवारी ऑनलाइन किट मागवायचं, हे आता लई वाढलंय. कोर्स म्हणे नंतर करू. किट आलं की पहिला उद्योग काय, तर कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं म्हणून बॅकअप रेग्युलेटर (सिलेंडरमधली हवा तोंडात देणारा, जास्तीचा) दोरीनं गळ्यात अडकवायचा आणि फोटो टाकायचा. अडकवायला काही हरकत नाही, मी पण तसाच डाइव करतो, पण तो तिथं कशासाठी असतो ते तरी समजून घ्या. तोंडातला रेग्युलेटर बडीला (सोबतच्या डाइव्हरला) दिला किंवा त्यानं घाबरून ओढून घेतला, तर हात न लावता, नुसती हनुवटी खाली करून दुसरा ओठात धरता यायला पाहिजे. बाकी सगळं त्यावरनंच ठरतं.

सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे घालायचा क्रम. आधी गळ्यातला बॅकअप घालायचा आणि तोंडातल्या रेग्युलेटरची लांब होज, म्हणजे हवेची नळी, सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरनं. उलटं केलं की काय होतं ते एका स्विमिंग टँकवर डोळ्यासमोर बघितलंय. उद्यमनगरातला एक पोरगा, हाताचा लई हुशार, स्वतः लेथ चालवणारा, किट स्वतःच जोडलेलं. सात फुटी होज उजव्या काखेतनं छातीवरनं आडवी, मानेमागनं फिरवून तोंडात, एकदम पुस्तकातल्यासारखी. आणि मग आठवण झाली म्हणून बॅकअपची दोरी त्याच्यावरनं डोक्यातनं घातली. म्हटलं काढ, परत घाल, तर म्हणतो "राहू दे दादा, टँकच आहे, करून तर बघू." खाली गेल्यावर बडीनं हवा संपल्याची खूण केली, यानं तोंडातला रेग्युलेटर काढून पुढं केला, पण होज मानेमागं दोरीखाली अडकलेली. सात फुटी होज, आणि हाताला आली जेमतेम वीतभर. समोरचा ओढतोय, तशी याची दोरी मानेत रुततीय, आणि बॅकअप सरकून कानापाशी गेलेला, तो काही ओठाला सापडेना. दोघं खोकत वर आले. पाणी छातीएवढंच होतं म्हणून हसण्यावारी गेलं. हेच पंधरा मीटरवर झालं असतं तर सिलेंडरमध्ये हवा असून दोघांनाही मिळाली नसती.

माझी सवय अशी आहे की बोटीवर सगळं अंगावर चढवून झालं की तोंडातला रेग्युलेटर काढून हात पूर्ण लांब करून समोर धरायचा, मान थोडी वाकवायची आणि होज डोक्यावरनं मोकळी येते का बघायचं. दोन सेकंदाचं काम आहे, बोटीवरची पोरं हसतात, हसू देत.

दुसरं दुखणं दोरीचं माप. बॅकअप कोल्हापुरी साजासारखा छातीवर रुळायला लागला की दोरी बांधून उपयोग काय, शेवटी हातानंच शोधायचा ना? तो हनुवटीच्या लगेच खाली पाहिजे. पण इतका पण वर नको की मान वळवताना गळा आवळतोय. घरात टी-शर्टवर माप घेऊ नका, वेटसूट (डाइव्हिंगचा रबरी सूट) घालून आरशासमोर उभं राहा, दोन्ही हात पाठीमागं बांधा आणि ओठानं पकडून दाखवा. जमलं नाही तर दोरी कमी करा. ५-६ मिलिमीटरची इलॅस्टिक दोरी बास होते. दोन्ही टोकांना सरकगाठ मारून ती माउथपीसच्या (ओठात धरायच्या भागाच्या) रबरावर घट्ट बसवायची, आणि उरलेलं टोक कापून लायटरनं वितळवायचं, नाहीतर वरचं विणकाम सुटत जातं.

इथंच शॉर्टकटवाले अजून एक करतात. माउथपीसचा मूळ केबल टाय कापतात, दोरी रबरावर ठेवतात आणि दोन्हीवरनं एकच टाय ओढतात, तो पण घरात पडलेला कुठला तरी. जोरात हिसडा बसला तर दोरी सुटून यायला पाहिजे, माउथपीस नाही. तो निघाला तर हातात नुसतं प्लॅस्टिकचं नळकांडं राहतं. मूळ टायला हात लावू नका, दोरी त्याच्या शेजारी बांधा. टाय बदलायचाच असला तर शेपूट अगदी सपाट कापा, गालाला ओरखडा आला की कळतं मी काय म्हणतोय.

तयार सिलिकॉनचे नेकलेस मिळतात. मला आवडत नाहीत, ढिले पडले की डाइव्हमध्ये रेग्युलेटर सुटून खाली लोंबतो. ज्याला गाठ मारायचा कंटाळा त्यानं घ्यावा.

होज: भाड्याच्या सेटवरची तीन फुटी पिवळी ऑक्टोपस (साध्या सेटवरचा बॅकअप) होज तशीच ठेवून गळ्यात बांधली तर खांद्याबाहेर कानासारखा मोठा वळसा निघतो आणि कशातही अडकतो. २२ ते २४ इंच पुरते, उजव्या खांद्यावरनं. आणि तोंडातल्या रेग्युलेटरची होज साधी आखूडच असेल तर आधी ती बदला, मग गळ्यातल्याचं बघा. नुसता ऑक्टोपस गळ्यात बांधून ठेवला तर बडीला देणार काय?

पाण्यात उडी मारताना बॅकअप भसाभसा हवा सोडतो म्हणून घाबरू नका, त्याचं तोंड वर असलं की होतं ते. माउथपीस खाली करा, थांबतं. व्हेंचुरीचा (हवेचा झोत कमी-जास्त करायचा) खटका असेल तर उडी मारताना कमीवर ठेवा.

उडी मारायच्या आधी बॅकअपमधनं तीन-चार श्वास घ्या, आणि घेताना डोळे सिलेंडरचा दाब दाखवणाऱ्या गेजवर. काटा श्वासाबरोबर खाली जाऊन वर येत असेल तर सिलेंडरचा व्हॉल्व्ह नीट उघडलेला नाही. नुसतं पर्ज बटन (रेग्युलेटरवरचं हवा सोडायचं बटन) दाबून "हां, हवा येतीय" करणाऱ्यांना हे कधीच कळत नाही.

घरी आल्यावर दोरी गोड्या पाण्यात भिजवा, तारकर्लीची वाळू गाठीत जाऊन बसते. रेग्युलेटर धुताना पर्ज बटन दाबू नका, पाणी आत जातं. दोरी सावलीत वाळवा, गच्चीवर उन्हात टाकली तर आतलं रबर लवकर मरतं. सीझन संपून पावसाळ्यात डाइव्हिंग बंद झालं की मी जुनी दोरी बघत पण बसत नाही, कापून टाकतो आणि नवीन बांधतो, पन्नास-शंभर रुपयांचा विषय. फक्त नवीन दोरी जास्त घट्ट असते, त्यामुळं माप परत आरशासमोरच घ्या, जुनीच्या लांबीवर कापू नका.