आरोग्य आणि आर्थिक वाढ यांचा अभ्यास करताना या चुका टाळा

विकसनशील देशांतील आर्थिक वाढ आणि आरोग्य यांच्या संबंधावर काम सुरू करणाऱ्या संशोधकाचा पहिला तक्ता बहुधा ठरलेला असतो. एका रकान्यात देश, दुसऱ्यात दरडोई जीडीपी आणि तिसऱ्यात आयुर्मान किंवा मातामृत्यूचे प्रमाण. त्यावर रिग्रेशन (एका राशीचा दुसरीशी असलेला संबंध मोजणारी सांख्यिकी पद्धत) चालवले की सहसंबंध भक्कम निघतो आणि निष्कर्ष लिहायला घेतला जातो. पुढे परीक्षक सूत्रावर, नियंत्रण चलांवर (हिशेबात धरलेल्या इतर घटकांवर) आणि प्रमाणित त्रुटींवर (अंदाजातील अनिश्चिततेच्या मापावर) बोट ठेवतात. त्या रकान्यांतले आकडे कोठून आले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि माझ्या अनुभवाने निबंध कोसळतो तो बहुतेक वेळा तिथेच.

अंदाजाला मोजमाप समजणे

सहसंबंध अपेक्षेपेक्षा फारच नेटका निघाला, तर आधी आनंद आवरावा. मातामृत्यूचे उदाहरण घेऊ. अनेक गरीब देशांत मृत्यूंची नोंदणी अपुरी असते आणि मृत्यूचे कारण तर त्याहून कमी वेळा नोंदले जाते. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या संस्था प्रसिद्ध करतात ते आकडे मॉडेलच्या आधारे काढलेले असतात, आणि त्या मॉडेलमध्ये दरडोई जीडीपी, जननदर आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली झालेल्या प्रसूतींचे प्रमाण हे चल आधीच घातलेले असतात. ज्या देशांत प्रत्यक्ष नोंदी विरळ आहेत, तिथे आकड्याचा बराचसा भार याच चलांवर पडतो. असा आकडा घेऊन 'उत्पन्न वाढले की मातामृत्यू घटतात' असे सिद्ध करणे म्हणजे दुसऱ्याने पिशवीत ठेवलेली वस्तू बाहेर काढून शोध लागल्याचे जाहीर करणे होय.

आयुर्मानाचेही थोडेफार असेच आहे. प्रौढांच्या मृत्यूंची नोंद नसलेल्या देशांत मातांनी सांगितलेल्या जन्ममृत्यूंच्या माहितीवरून बालमृत्यूदर काढतात आणि प्रमाण जीवनसारण्यांच्या (वयानुसार मृत्यूचे प्रमाण दाखवणाऱ्या नमुना तक्त्यांच्या) मदतीने त्यावरून आयुर्मान बांधतात. त्यामुळे 'बालमृत्यू आणि आयुर्मान या दोन्ही निर्देशकांवर निष्कर्ष टिकला' या वाक्यात अशा देशांपुरता पुरावा एकच असतो. शिवाय दोन पाहण्यांमधल्या वर्षांचे आकडे रेषा जोडून भरलेले असतील, तर वर्षवार पॅनेलमधील (त्याच देशांच्या अनेक वर्षांच्या आकड्यांतील) निरीक्षणांची संख्या फुगते आणि निष्कर्षाची अचूकता आहे त्यापेक्षा जास्त भासते.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास आहे. निर्देशकासोबतची तांत्रिक टीप वाचावी, प्रत्येक आकड्यापुढे 'नोंदणी', 'पाहणी' किंवा 'मॉडेल' अशी खूण करावी आणि मॉडेलचे आकडे वगळून तेच रिग्रेशन पुन्हा चालवावे. संबंध नाहीसा झाला, तर तो जगातला नव्हता, मॉडेलमधला होता.

जीडीपी दगडावर कोरलेला आहे असे मानणे

घानाने 2010 मध्ये जीडीपी मोजण्याचे आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती आणि अर्थव्यवस्थेची रचना पायाभूत धरतात ते वर्ष) बदलले, तेव्हा तेथील जीडीपी सुमारे 60 टक्क्यांनी वाढला. 2014 मध्ये नायजेरियाचा जीडीपी याच कारणाने सुमारे 89 टक्क्यांनी वाढला. एका रात्रीत ना कारखाने उभे राहिले, ना पगार वाढले. समजा, एखादा देश आरोग्यावर जीडीपीच्या 4 टक्के खर्च करत आहे. जीडीपी 89 टक्क्यांनी वाढताच एक पैसाही कमी न होता हे प्रमाण 2.1 टक्क्यांवर येते, आणि 'सरकारने आरोग्याकडे पाठ फिरवली' असा निष्कर्ष काढणारा निबंध तयार होतो. क्रयशक्तीच्या, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतील फरक धरून काढलेल्या, आकड्यांचीही हीच गत आहे. 2005 च्या आंतरराष्ट्रीय किंमत-तुलनेनंतर चीन आणि भारत यांच्या जीडीपीचे क्रयशक्तीनुसार काढलेले अंदाज सुमारे 40 टक्क्यांनी खाली आले होते. म्हणून मालिका कोणत्या तारखेला उतरवून घेतली हे लिहून ठेवावे, तीच प्रत जपून ठेवावी आणि आलेखात अचानक पायरी दिसली, तर आधी आधारवर्ष तपासावे.

प्रश्नावलीतील कालावधीकडे दुर्लक्ष

गरीब लोक कमी आजारी पडतात, असे तुमची पाहणी सांगत असेल, तर तिच्यावर लगेच विश्वास ठेवू नये. दिल्लीत 2000 ते 2002 या काळात 1621 व्यक्तींची आजारपणे आणि डॉक्टरांच्या भेटी साप्ताहिक आणि मासिक अशा दोन्ही पद्धतींच्या प्रश्नावल्यांनी नोंदवल्या गेल्या. आठवड्याच्या आठवणीवर आधारलेल्या उत्तरांत गरीब व्यक्ती श्रीमंतांपेक्षा डॉक्टरांकडे अधिक वेळा जाताना दिसल्या. महिन्याच्या आठवणीवर आधारलेल्या उत्तरांत हे चित्र चक्क उलटे झाले. ज्याच्या घरी ताप आणि खोकला नित्याचा आहे, त्याच्या लेखी तीन आठवड्यांपूर्वीचा ताप सांगण्याजोगा उरत नाही, हे याचे एक सरळ स्पष्टीकरण आहे. अमर्त्य सेन यांनी केरळ आणि बिहार यांच्या तुलनेतून हाच धोका दाखवला होता. आयुर्मान जास्त असलेल्या केरळात स्वतः सांगितलेली रुग्णताही जास्त होती, कारण शिक्षण आणि उपचार हाताशी असलेला माणूस आजार ओळखतो आणि त्याला आजार म्हणतो.

खर्चाच्या बाबतीत हा सापळा आणखी खोल आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील निर्देशकाच्या 2025 पूर्वीच्या व्याख्येनुसार घरखर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या 10 अथवा 25 टक्क्यांहून अधिक रक्कम खिशातून उपचारांवर गेली, तर तो खर्च मोठा धरला जात असे. मात्र पैसे नाहीत म्हणून जे घर दवाखान्यात गेलेच नाही, त्याचा खर्च शून्य नोंदला जातो आणि ते घर आकडेवारीत सुरक्षित ठरते. या निर्देशकाशेजारी उपचार टाळणाऱ्यांचे प्रमाण दिलेले नसेल, तर तो तक्ता अपुरा समजावा.

दोन फेऱ्या न तपासता जोडणे

भारताच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या फेरीत चार वर्षांखालील, दुसरीत तीन वर्षांखालील आणि तिसरीत पाच वर्षांखालील मुलांची मोजमापे घेतली गेली. 2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या शारीरिक वाढीची नवी मानके आणली, त्यामुळे जुन्या अहवालांतील टक्केवारी वेगळ्या मापाची आहे. छापील अहवालांतले आकडे एका रेषेत मांडून त्यांना आर्थिक वाढीशी जोडणे चुकीचे ठरते. मूळ डेटा घेऊन सगळ्या फेऱ्यांत सामाईक असलेल्या वयोगटावर एकच मानक लावावे.

दिशेबद्दल घाई

आरोग्यामुळे वाढ की वाढीमुळे आरोग्य, हा प्रश्न सुटलेला आहे असे गृहीत धरू नये. लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी 1975 मध्ये दाखवले की विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत वाढलेल्या आयुर्मानाचा मोठा भाग उत्पन्नवाढीतून आलेला नव्हता. त्याच उत्पन्नावर लोक आता अधिक जगत होते. 2007 मध्ये अर्थतज्ज्ञ असेमोग्लू आणि जॉन्सन यांना आयुर्मान वाढल्याने दरडोई उत्पन्न वाढल्याचा पुरावा सापडला नाही, कारण लोकसंख्याही वाढली. ब्लूम, कॅनिंग आणि फिंक या संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला की, सुरुवातीच्या आरोग्यस्थितीचा पुढील वाढीवर होणारा परिणाम त्यात धरलेला नाही. दोन्ही मांडण्या चालवून दोन्ही निकाल छापणे एवढे तरी आपल्या हातात आहे. कालावधीही पाहावा. लहानपणी मिळालेल्या उपचाराचा फायदा मजुरीत दिसायला पंधरा-वीस वर्षे लागतात, तो पाच वर्षांच्या पॅनेलमध्ये शोधून सापडणार नाही.

राहिली कोडमधील, म्हणजे आकडेमोडीसाठी लिहिलेल्या संगणकीय आज्ञांमधील, चूक. केनियातील 75 शाळांमधील जंतनाशक औषधांच्या प्रसिद्ध अभ्यासात शेजारच्या शाळांवर होणारा परिणाम मोजताना कोडमध्ये फक्त जवळच्या 12 शाळाच मोजल्या जात होत्या. पुनर्तपासणीत ही चूक सापडली आणि तीन किलोमीटरपलीकडच्या शाळांवरील परिणामाचा दावा टिकला नाही. लेखकांनी डेटा आणि कोड खुला केला होता, म्हणून हे कळले. निबंध पाठवण्यापूर्वी कच्च्या डेटापासून पहिल्या तक्त्यापर्यंतचे सारे काम एखाद्या सहकाऱ्याला, आपण शेजारी न बसता, स्वतंत्रपणे करून पाहायला सांगावे.